डोंगल आणि दुसऱ्यांचे कागद

जुलै लागला की वाशीम जिल्ह्यात सोयाबीन चार-सहा पानांवर येतं, डवरणी सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत पीक विम्याची मुदत येऊन ठेपते. २०२३ आणि २०२४च्या खरिपात एका रुपयात विमा निघायचा, तेव्हा तर गावंच्या गावं रांगेत उभी राहत. मंगरूळपीरला मानोरा रोडच्या बाजूला माझं छोटं ऑनलाइन सेंटर आहे. दुकानात फायबरचं नेट आहे, त्यामुळे तिथे फारसं अडत नाही. पण ज्यांच्या पायांत दुखणं आहे, ज्यांना एका दिवसाची मजुरी बुडवणं परवडत नाही, त्यांच्यासाठी मी लॅपटॉप पिशवीत घालून मानोरा तालुक्यातल्या तांड्यांवर जाते. पोहरादेवीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला काही वस्त्या अशा आहेत की ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर आली असली तरी तिथून तांड्यापर्यंत पायवाटच आहे. तिथे माझं काम चालतं ते डोंगलवर.

पेनड्राइव्हएवढी दांडी, पोटात सिमकार्ड, लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत खोचली की मोबाइलच्या टॉवरवरून इंटरनेट. इकडे पुष्कळ जण तिला अजूनही नेटसेटरच म्हणतात. (तलाठ्याकडे सातबाऱ्यावर डिजिटल सही करण्याचं जे डोंगल असतं ते निराळं; त्यातून नेट येत नाही.) फोनचा हॉटस्पॉट का नाही, असं मला विचारतात. फोन माझ्या कानाला असतो, ओटीपीसाठी हातात असतो, दुपारच्या उन्हात तापून बंद पडतो. डोंगल मात्र यूएसबीच्या लांब वायरीने दाराच्या चौकटीवर टांगता येतं आणि दोन हात उंच गेलं की रेंजमध्ये खरोखर फरक पडतो.

एकदा विम्याचा अर्ज भरता भरता एका आबांनी टांगलेल्या त्या दांडीकडे बोट करून विचारलं, "काय वो ताई, हे नेटसेटर लावलं म्हंजे आमचे कागदं कोनाले दिसत नाई ना?"

याहून नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. त्या लॅपटॉपमध्ये त्यांचं आधार असतं, सातबारा असतो, बँकेच्या पासबुकाचं पहिलं पान असतं, पीक पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र असतं. एवढ्या चार कागदांवर माणसाच्या नावाने काय काय करता येतं, ते सेंटर चालवणाऱ्याला चांगलं माहीत असतं. आबांना जे उत्तर द्यायचं ते खरं असावं म्हणून काय काय करावं लागतं, ते मी इथे लिहिते आहे.

वाशीम हा तसा तरुण जिल्हा. १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. वाशीम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०१८मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातून गडचिरोली, नंदुरबार आणि तेव्हाचं उस्मानाबाद यांच्याबरोबर वाशीमही त्यात होतं. अशा जिल्ह्यात सरकारी कामं एकामागून एक ऑनलाइन होत गेली. डिजिटल सहीचा सातबारा १ मे २०१८ला आला, ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ला. कामं ऑनलाइन झाली, पण ती करणारी यंत्रं बहुतेक ठिकाणी जुनीच राहिली. विंडोज ७ला मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२०पासून सुरक्षा अपडेट देणं थांबवलं, तरी तालुक्याच्या गावी कितीतरी सेंटरवर तेच चालू होतं. विंडोज १०चीही मुदत ऑक्टोबर २०२५मध्ये संपली. नवं यंत्र घ्यायचं तर सीझनची कमाई जाते. माझा प्रवासी लॅपटॉप मी लिनक्स मिंटवर नेला तो याच कारणाने. फुकट आहे, जुन्या यंत्रावर नीट चालतं, सुरक्षा अपडेट वेळच्या वेळी येतात. मराठी दिसतं लोहित देवनागरी फॉन्टमध्ये, टाइप होतं इनस्क्रिप्ट कीबोर्डने. आपल्या सी-डॅकनेही बॉस नावाचं लिनक्स काढलेलं आहे आणि केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर शिकवत आहेत. ज्या कामाला आधारचं अंगठ्याचं यंत्र लागतं ते मी दुकानातल्या विंडोजवर करते. बाकी सगळं लिनक्सवर होतं.

लिनक्स घेतलं की व्हायरसची कटकट संपली, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पेनड्राइव्हमधून येणारी नेहमीची घाण लिनक्सवर चालत नाही, हे खरं. पण दार उघडं असेल तर ते लिनक्सचं आहे म्हणून कोणी बाहेर थांबत नाही.

आता डोंगल खोचल्यावर काय होतं ते बघू. टर्मिनलची काळी खिडकी उघडून एलएसयूएसबी ही आज्ञा दिली की यूएसबीला काय काय जोडलं आहे त्याची यादी येते. माझ्याकडच्या जुन्या हुआवे डोंगलच्या ओळीत पहिल्या क्षणी १२डी१:१४४६ असा आकडा दिसतो. १२डी१ म्हणजे कंपनी हुआवे, १४४६ म्हणजे उपकरण. या क्षणी ते उपकरण स्वतःला मोडेम म्हणवतच नाही, सीडी ड्राइव्ह म्हणवतं. त्या खोट्या सीडीत कंपनीचं सॉफ्टवेअर असतं. विंडोजवाल्याला वेगळी सीडी द्यावी लागू नये म्हणून केलेली ही सोय. दोन-तीन सेकंदांनी तीच आज्ञा पुन्हा दिली की आकडा बदललेला असतो, १२डी१:१५०६. मधल्या वेळात लिनक्सने त्या खोट्या सीडीला एक खास संदेश पाठवलेला असतो आणि तो मिळाला की दांडी मोडेमचं रूप घेते. हे काम करतो योझुआ डीट्झे यांचा यूएसबी मोडस्विच नावाचा छोटा प्रोग्रॅम. पुढचं चालवणारा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात आधीच असतो, आणि टॉवरशी बोलणं मोडेम मॅनेजर आणि नेटवर्क मॅनेजर हे दोघं सांभाळतात. नवीन मोबाइल ब्रॉडबँड जोडणी करताना ते देश विचारतात, कंपनी विचारतात आणि तिच्या जाळ्यात शिरायला लागणारं नाव, म्हणजे एपीएन, स्वतःच भरतात.

म्हणजे त्या खोट्या सीडीतल्या सॉफ्टवेअरची लिनक्सवर गरजच नाही. तरी ते पडद्यावर दिसतं, त्यात लिनक्सच्या नावाचं फोल्डरही कधी असतं आणि ते चालवायला गेलं की प्रशासकाचा पासवर्ड मागतं. देऊ नये. तो पासवर्ड दिला की त्या सॉफ्टवेअरला लॅपटॉपमध्ये काहीही करण्याची मुभा मिळते, आणि ते बनवून कंपनीने पुन्हा त्याच्याकडे कधी पाहिलं की नाही, याची आपल्याला खबर नसते. मार्च २०१३मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या ब्लॅक हॅट परिषदेत निकिता ताराकानोव्ह आणि ओलेग कुप्रेयेव या दोघांनी मोडेमसोबत येणाऱ्या अशा सॉफ्टवेअरमधल्या आणि त्याच्या अपडेटच्या व्यवस्थेतल्या कच्च्या जागा मांडून दाखवल्या होत्या. जे टाकलंच नाही त्याच्यातली भोकं बुजवावी लागत नाहीत.

आणखी एक जुनं खूळ आहे. २००९ ते २०१२च्या काळात लिनक्सवर डोंगल चालवणं जिकिरीचं होतं. तेव्हाच्या सल्ल्यांत 'डब्ल्यूव्हीडायल (डायल करणारा जुना प्रोग्रॅम) प्रशासक म्हणून चालवा', 'मोडेमच्या फाइलला ७७७ परवानगी द्या' असे उपाय असत. ७७७ म्हणजे या यंत्रावरच्या कोणालाही, कोणत्याही प्रोग्रॅमला ती फाइल वाचायला, लिहायला, चालवायला मोकळीक. मोडेमच्या बाबतीत याचा अर्थ असा की कोणताही प्रोग्रॅम तुमच्या सिमवरून एसएमएस पाठवू शकतो, आलेले वाचू शकतो. ते सल्ले अजून फिरतात आणि शिकाऊ मुलं ते जसेच्या तसे उतरवून घेतात. आज त्यातलं काहीही करावं लागत नाही. फारच जुनं डोंगल असेल आणि हातानेच डायल करायचं असेल, तर आपल्या वापरकर्त्याला डायलआउट या गटात घातलं की भागतं.

आता मुख्य गोष्ट. दुकानात फायबर असतं तेव्हा कंपनीचा राउटर मध्ये बसलेला असतो. बाहेरून कोणी न बोलावता आलं तर ते राउटरवरच अडतं, लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. साध्या काडीच्या डोंगलमध्ये हा मधला राउटर नाही. इंटरनेटचा पत्ता थेट लॅपटॉपलाच मिळतो. अंगण, कुंपण, फाटक काहीच नसलेलं, रस्त्यालाच दार लागून असलेलं घर असतं तसा तो लॅपटॉप होतो. हल्ली मोबाइल कंपन्या एकच जुना आयपीव्ही४ पत्ता अनेकांत वाटतात, त्यामुळे थोडा आडोसा मिळतो. पण आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांचा तुटवडाच नाही. प्रत्येक उपकरणाला जगभरात चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो. बाहेरच्या अनाहूताला कंपनी तिच्या बाजूने अडवते की नाही, हे त्या कंपनीच्या मर्जीवर असतं. दुसऱ्यांचे कागद तिच्या मर्जीवर ठेवू नयेत.

त्या दाराची अवस्था पाहायला एसएस नावाची दोन अक्षरी आज्ञा पुरते. तिच्या मागे टीयूएलएन ही अक्षरं लावली की कोणकोणत्या क्रमांकाच्या दारांवर कोणीतरी कान लावून बसलं आहे ते ओळीओळीने दिसतं. माझ्या लॅपटॉपवर ६३१ दिसतो, तो छपाईचा. त्याच्या आधी १२७.०.०.१ असा पत्ता आहे, म्हणजे तो फक्त याच यंत्राशी बोलतो, बाहेरच्याशी नाही. तो राहू द्या. ५३५३ आहे, जवळपासची उपकरणं शोधणारा. आणि ४४५ आहे, त्याच्या पत्त्याच्या जागी चार शून्यं. चार शून्यं म्हणजे येणारा कुठूनही आला तरी चालेल. आयपीव्ही६च्या ओळीत त्याच जागी दोन विसर्गासारखे कोलन दिसतात, अर्थ तोच.

हा ४४५ म्हणजे सांबा, फाइली वाटून घेण्याची सोय. सीझनमध्ये दुकानात मदतीला एक मुलगी असते. ती दुसऱ्या कॉम्प्युटरवरून अर्ज भरते आणि स्कॅन केलेले कागद माझ्या लॅपटॉपवरच्या 'विमा' नावाच्या फोल्डरमधून उचलते. दुकानाच्या चार भिंतींत ही व्यवस्था रास्त आहे. पण तोच लॅपटॉप पिशवीत घालून तांड्यावर नेला आणि डोंगल लावलं, तर सांबाला जागा बदलल्याचं कळत नाही. तो तिथेही 'विमा' फोल्डर घेऊन बसलेला असतो, आणि आता समोर दुकानातली मुलगी नसते, उघडं इंटरनेट असतं. एकेक यंत्र सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा धोका मला हाच वाटतो. त्याला कोणी हुशार चोर लागत नाही. असे उघडे क्रमांक शोधत इंटरनेटभर फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात.

यावरचा इलाज मिंट आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत आधीपासून बसवलेला आहे, फक्त बंद ठेवलेला असतो. मिंटच्या मेनूत फायरवॉल नावाची खिडकी आहे. तिच्यातलं बटण चालू केलं, येणाऱ्यांना मनाई आणि जाणाऱ्यांना परवानगी असं ठेवलं की झालं. टर्मिनलवरून करायचं तर यूएफडब्ल्यू इनेबल. तो आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना लागू होतो. आपण उघडलेली वेबसाइट, भरलेला अर्ज, उतरवलेली पावती यांत काही अडथळा येत नाही, कारण ती बोलणी आपण सुरू केलेली असतात. अडतो तो न बोलावता आलेला. फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारावर फायरवॉल मुळातच चालू असते.

मग दुकानातल्या मुलीचं काय? त्या खिडकीत घर, ऑफिस आणि सार्वजनिक जागा अशी तीन प्रोफाइल आहेत, त्यांत अदलाबदल करता येते. मला ती पद्धत पसंत नाही, कारण घाईत निघताना बदलायचं राहून जातं. त्याऐवजी नियमच असा लिहावा की सांबाची मागणी दुकानातल्या तारेच्या जोडणीवरून आली तरच आत घ्यायची. लिनक्समध्ये प्रत्येक जोडणीला वेगळं नाव असतं. तारेचं वेगळं, वायफायचं वेगळं, डोंगलचं बहुधा पीपीपी० किंवा डब्ल्यूवॅन०. नियमात तारेचं नाव घातलं की डोंगलवरून येणाऱ्याला तो कधीच लागू होत नाही. आठवण ठेवण्याचं काम यंत्राकडे गेलं. नियम लागला की नाही ते दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तपासावं. दुकानातल्या तारेवरून फोल्डर उघडायला हवं आणि तोच लॅपटॉप वायफायवर घेतला की उघडता कामा नये.

सगळीच डोंगलं अशी काडीची नसतात. अलीकडची बरीचशी, हुआवेची हायलिंक जातीची किंवा खिशातली वायफाय डबी, स्वतःच छोटा राउटर असतात. लॅपटॉपला ती नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ टाकलं की त्यांचं स्वतःचं पान उघडतं. यांत मध्ये राउटर असल्याने थेट पत्त्याचा प्रश्न कमी होतो. पण ते पान हेच नवं दार. काहींना पासवर्डच नसतो, काहींना अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन असतो. २०१४मध्ये रशियातल्या पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीज कंपनीच्या संशोधकांनी ४जी मोडेमांच्या अशा पानांतल्या त्रुटी जाहीर केल्या. काही मोडेमांत नुसता एसएमएस पाठवूनही शिरकाव करता येत होता. शिवाय दुसऱ्या टॅबमध्ये उघडलेली एखादी भलती वेबसाइट आपल्याच ब्राउझरकडून त्या पत्त्यावर हुकूम पाठवू शकते. म्हणून पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा, कंपनीने दिलेलं फर्मवेअरचं (मोडेमच्या पोटातल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट घ्यावं, आणि मोडेमचं पान उघडताना बाकी टॅब बंद ठेवावेत. वायफाय डबीच्या पाठीवर चिकटवलेला पासवर्ड तर रांगेतला कोणीही वाचतो. एवढं केलं तरी लॅपटॉपची फायरवॉल चालूच ठेवावी, कारण त्या डबीवर आणखी चार जणांचे फोन जोडलेले असतात.

आता जुन्या ३जी डोंगलांविषयी. २०११च्या आसपास घेतलेली अशी डोंगलं आपल्याकडे अजून कपाटात पडून आहेत आणि मुलगा कॉलेजला निघाला की बाहेर निघतात. जिओचं जाळं पहिल्यापासून ४जीचं, त्यात ती चालत नाहीत. एअरटेलने २०२०मध्ये देशभरातलं ३जी बंद केलं आणि २जी चालू ठेवलं. त्यामुळे एअरटेलचं सिम घातलेलं जुनं डोंगल गपचूप २जीवर उतरतं. लोकांना फक्त नेट हळू झालेलं दिसतं. पण २जीत टॉवर स्वतःची ओळख पटवून देत नाही. सिमने टॉवरला ओळख दाखवायची, टॉवरने सिमला नाही. ३जीपासून पुढे ही ओळख दोन्हीकडून तपासली जाते. आणि २जीचं ए५/१ हे कुलूप किती कच्चं आहे ते कार्स्टेन नोल या जर्मन संशोधकाने डिसेंबर २००९मध्ये बर्लिनच्या परिषदेत दाखवलं. वेबसाइटच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस असेल तर आतला मजकूर वेगळ्या कुलपात राहतो. त्या सिमवर येणाऱ्या एसएमएसला मात्र तेवढंच एक कुलूप. ओटीपी एसएमएसनेच येतो.

हुआवेच्या त्या जुन्या दांड्यांवरचा दिवाच सांगतो आपण कशावर आहोत. जोडणी झाल्यावर दिवा स्थिर हिरवा असेल तर २जी, निळा असेल तर ३जी, फिकट आकाशी असेल तर ३जीचीच वेगवान जात. तांड्यावर असा स्थिर हिरवा दिवा दिसला तर त्या जोडणीवर मी कोणाचा अर्ज भरत नाही. ४जी मोडेम असेल तर मोडेम मॅनेजरला एका आज्ञेत सांगून ठेवता येतं की फक्त ४जीच वापर, ते नसेल तर जोडूच नको. रेंज नसलेल्या जागी यामुळे काम अडतं, हे खरं. मग पाचशे पावलं चढावर जायचं.

सिमचा पिन लावलेला डोंगलवाला मला क्वचितच भेटतो. डोंगल एसटीत विसरलं, कोणी उचललं, त्यातलं सिम आपल्या फोनमध्ये घातलं, की त्या नंबरवरचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात. पिन लावला असेल तर सिम आधी तो विचारतं. तीनदा चुकला की अडकतं आणि मग कंपनीचा पीयूके क्रमांक लागतो. लिनक्समध्ये पिन लावायची सोय मोडेम मॅनेजरमध्ये आहे. फोनमध्ये सिम घालून तिथूनही लावता येतो. कंपनीचा मूळ पिन आधी विचारून घ्यावा, अंदाजाने तीन संधी घालवू नयेत. आणि बँकेला, महाडीबीटीला, सेंटरच्या लॉगिनला जोडलेला नंबर डोंगलमध्ये मुळीच ठेवू नये. डोंगलचं सिम फक्त नेटपुरतं असावं. ते सिम कोणाच्या नावावर आहे हेही बघा, कारण त्या नेटवरून जे होईल त्याचा जाब नाव असलेल्या माणसाला विचारतील. मे २०२३मध्ये सुरू झालेल्या संचार साथी या सरकारी पोर्टलवर आपल्या नावावरचे नंबर पाहता येतात, आणि हरवलेल्या फोनचा आयएमईआय अडवण्याची सोयही त्यातच आहे. डोंगललाही पंधरा आकडी आयएमईआय असतो, तो पाठीवरून वहीत उतरवून ठेवावा.

सेकंडहँड डोंगल स्वस्त मिळतं म्हणून घेणारे आहेत. पूर्वी डोंगल एका कंपनीला बांधलेलं असे. दुरुस्तीवाले ते मोकळं करून देत. कुठे आयएमईआयवरून कोड काढून, कुठे सरळ कुठून तरी मिळवलेलं फर्मवेअर आत भरून. कोड टाकलेल्याचं मला काही वाटत नाही. पण ज्यात कोणाचं तरी फर्मवेअर गेलं आहे ते मी माझ्या लॅपटॉपला लावणार नाही. २०१४मध्ये याच कार्स्टेन नोल यांनी याकोब लेल यांच्यासह दाखवलं की यूएसबी उपकरणाचं फर्मवेअर बदलून त्याला कीबोर्डचं सोंग घेता येतं. यंत्राला वाटतं मालक टाइप करतो आहे. फर्मवेअर उपकरणाच्या पोटात असल्याने अँटिव्हायरसला ते दिसत नाही.

लिनक्सवर यासाठी यूएसबीगार्ड आहे. ओळखीच्या उपकरणांची यादी त्याला द्यायची, बाकी कोणी खोचलं तर तो वीज देतो पण बोलू देत नाही. गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह दिवसभर हाताळणाऱ्या सेंटरला तो फार उपयोगी. डोंगलच्या बाबतीत एक खुबी लक्षात ठेवावी लागते. मघाशी सांगितलं तसं ते रूप बदलतं, त्यामुळे यादीत सीडीचा आणि मोडेमचा, दोन्ही आकडे घालावे लागतात. एकच घातला तर डोंगल अर्ध्यावर अडतं आणि माणूस वैतागून यूएसबीगार्डच काढून टाकतो.

अपडेटबद्दल थोडक्यात. डोंगलची जोडणी नेटवर्क मॅनेजरमध्ये मीटर्ड म्हणून नोंदवावी, म्हणजे दिवसाचा दीड जीबी डेटा यंत्र स्वतःहून संपवणार नाही. पण मग दुकानात आल्यावर फायबरवरून अपडेट हाताने घ्यायचे. ज्यांच्याकडे फक्त डोंगलच आहे त्यांनी आठवड्यातून एकदा रात्री डेटा उरलेला असताना सुरक्षा अपडेट तेवढे तरी घ्यावेत.

तांड्यावर बायाही विचारतात, फॉर्म झाल्यावर माझ्या आधारचा फोटो तुझ्या मशिनीत राहतो का. पावती हातात पडेपर्यंत राहतो. नंतर मी तो त्यांच्यासमोर पुसते. पुसलेली फाइल जाणकाराला परत काढता येते, हेही मला माहीत आहे, म्हणून लिनक्स टाकतानाच पूर्ण डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे. लॅपटॉप चालू करताना आधी परवलीचं वाक्य मागतो. ते नाही दिलं तर डिस्क म्हणजे नुसती अक्षरांची भेळ. एसटीच्या रॅकवरून लॅपटॉप गेला तर नुकसान माझं होईल, त्यांचं नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, पण त्या बायांना मी जे सांगते ते कायद्याच्या आधीपासून सांगत आले आहे. जिथे चालतं तिथे आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत घ्यावी, तिला मास्क्ड आधार म्हणतात.

शेवटी त्या कपाटातल्या ३जी डोंगलांचं. भंगारात किंवा ओळखीच्या कोणाला देण्याआधी त्यांची टोपी आणि पाठीचं झाकण उघडून बघा. सिम काढलं की काम झालं असं सगळ्यांना वाटतं. पण एसएमएस काही वेळा मोडेमच्याच मेमरीत साठलेले असतात. मोडेम मॅनेजर ते दाखवतो आणि पुसूही देतो. आणि हुआवेच्या बहुतेक जुन्या दांड्यांना मायक्रोएसडी कार्डाची खाच आहे. त्या काळी लोक डोंगललाच पेनड्राइव्ह करत. माझ्याकडे दुरुस्तीला म्हणून आलेल्या एका डोंगलच्या खाचेत असं कार्ड होतं, आणि त्यात एका अख्ख्या गावाच्या पासबुकांचे, रेशनकार्डांचे स्कॅन. ज्याने ते आणलं त्याने ते बाजारातून घेतलेलं होतं आणि त्याला खाच आहे हेच माहीत नव्हतं. ते कार्ड आम्ही दोघांनी मिळून रिकामं केलं, मग तोडलं.